डाव्या हाताचा कॅमेरा

माझी आत्या माणसांवर लगेच विश्वास ठेवते, फोटोवर ठेवत नाही. जिची चौतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेली तिने असं म्हणावं हा विनोदच आहे, हे मी तिला अनेकदा सांगून पाहिलंय. त्यावर ती म्हणते, "म्हणूनच." तिच्या ह्या एकेका शब्दाच्या उत्तरांनी आजवर माझं पुष्कळ डोकं उठवलंय.

तळघरातली खोली, जाड दार, दारावर लाल दिवा, अशी तिची नोकरी. आत आलेल्या माणसाला थंड फळीला छाती लावून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि काचेआड जाऊन म्हणायचं, "श्वास घ्या. धरा. सोडा." दिवसातून ऐंशी वेळा. एकदा मध्येच फोन वाजला आणि "सोडा" म्हणायचं राहून गेलं. समोर अग्निशमन दलातला धिप्पाड गडी होता. आगीत शिरणारा माणूस, पण बाईंची परवानगी नाही म्हणून श्वास सोडेना. जांभळा झाला बिचारा. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगून झाली आहे की कुणी नुसतं "सोडा" म्हटलं तरी बाबा हसायचे.

तिची दुसरी गोष्ट मात्र ती स्वतः सांगत नाही, बाबा सांगतात. प्रत्येक एक्स-रेवर डावी बाजू कोणती नि उजवी कोणती हे दाखवणारं शिशाचं छोटं अक्षर ठेवावं लागतं. फिल्म आरपार दिसणारी. ती उलटी धरली की डाव्याचं उजवं होतं आणि डॉक्टर भलताच गुडघा उघडून बसतात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिने काढलेला एक छातीचा एक्स-रे बघून मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले, "अक्षर चुकीच्या बाजूला लावलंत! हृदय उजवीकडे दिसतंय." आत्या म्हणाली, "अक्षर बरोबर आहे. हृदय उजवीकडे असेल." सगळे हसले. मग डॉक्टरांनी त्या माणसाच्या छातीला नळी लावली, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि हसणं बंद झालं. लाखात एखाद्याचं असतं तसं. ते शिशाचं अक्षर निवृत्तीच्या दिवसापासून तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

निवृत्तीनंतर ती घरी दोन वस्तू घेऊन आली. एक हे अक्षर आणि दुसरी एक्स-रे बघायची दिव्याची पेटी, हॉस्पिटलाने मोडीत काढलेली. पेटी तिने स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, मसाल्याच्या फळीशेजारी ठोकली. मी विचारलं, "आता कुणाची हाडं बघणार आहेस?" ती म्हणाली, "बघू." महिन्याभरात तिने त्या पेटीपुढे जुन्या कॅमेऱ्यांची भिंगं धरायला सुरुवात केली.

त्याचं कारण बाबा. कोपऱ्यावर बाबांचा स्टुडिओ होता, पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढायचा. धंद्याला नवे कॅमेरे होते, पण जीव जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात. तो एक दिवस कायमचा बंद पडला, म्हणून आत्याने ऑनलाइन लिलावात दुसरा शोधला. फोटोत चकचकीत. आला तो खोकाच दमट, भिंगात बुरशी. फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा होता, आणि विकणाऱ्याने गोड बोलून साइटच्या बाहेर पैसे घेतल्यामुळे दाद मागायची सोयच नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आत्या त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिते.

हळूहळू तिचं नाव झालं. जुना कॅमेरा घ्यायचा असेल त्याने आधी आमच्या स्वयंपाकघरात यायचं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर आले होते ते मला आठवतात. फोन पुढे करून म्हणाले, "बघा हो, नवाकोरा दिसतोय."

आत्याने चष्मा लावला. "खाली काय लिहिलंय ते वाचलंत? 'चालतो की नाही ते तपासलेलं नाही.' अहो, ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो एकदा बटण दाबून बघणार नाही होय? बघितलंय त्याने. चालला नाही, म्हणून तपासलेला नाही."

मग ती मास्तरांकडून विकणाऱ्याला एकेक प्रश्न पाठवून घ्यायला लागली. भिंगाच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून फोटो काढा. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी उजळते. मागचं दार उघडून कडेच्या स्पंजच्या पट्ट्या दाखवा, जुन्या झाल्या की त्यांचा डांबरासारखा चिकटा होतो आणि नको तिथून उजेड शिरतो. बॅटरीचं झाकण काढा, आत हिरवं-पांढरं साचलंय का बघू द्या. एका सेकंदावर लावून बटण दाबा आणि आवाज पाठवा. तो आवाज आत्या डोळे मिटून ऐकत असे. सेकंदाचा दीड सेकंद झाला तर म्हणे, "आतलं ग्रीस सुकलंय. दमेकरी आहे." आणि सगळ्यांत शेवटी, आजची तारीख एका चिठ्ठीवर हाताने लिहा, ती चिठ्ठी कॅमेऱ्याला टेकवून ठेवा आणि फोटो काढा.

"चिठ्ठी कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"पाण्यातल्या म्हशीचं वरून मोल करायचं नाही, मास्तर. म्हैस त्याच्याच गोठ्यात आहे ना, एवढं तरी कळू दे."

चिठ्ठी आली नाही तर बोली नाही, हा तिचा नियम. जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा आधीच कागदावर लिहून साखरेच्या डब्याखाली ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी डोकं फिरत नाही. बोली शेवटच्या अर्ध्या मिनिटात लावायची. "साइटबाहेर व्यवहार करू, स्वस्तात देतो," असं कुणी म्हटलं की तिथेच उठायचं. आणि खोका आला की तो उघडताना सगळं फोनवर चित्रित करायचं, उद्या भांडण झालं तर पुरावा हवा. एकदा तिने माझ्या चपलांचा खोका उघडतानाही चित्रण केलं होतं. मी त्या दिवशी जी चिडले ती चिडले.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजवा हात गेला तो गेला. मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कपाटाखाली जाऊ दिला. फोनवर फोटो काढा म्हटलं तर म्हणाले, "त्याला दाबायला काही नाही. नुसतं कुरवाळायचं." आणि खरा कॅमेरा म्हणावा, तर जगातल्या यच्चयावत कॅमेऱ्यांचं बटण उजव्या बाजूला. स्टुडिओची जागा फोनची कव्हरं विकणाऱ्याला दिली. खिडकीतून तो कोपरा दिसतो, म्हणून बाबांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. दाढी करायचं सोडलं. आम्ही दोघी त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागलो, आजारी माणसाशी बोलतात तसं, आणि कधी लागलो ते आमच्याही लक्षात आलं नाही.

मग आत्याला कुठेतरी वाचायला मिळालं की एका कंपनीने कधीकाळी थोडे दिवस डाव्या हाताने धरायचा कॅमेरा काढला होता. एकाच हातात मावणारा, बटण डाव्या बोटाखाली. रीळ आतल्या मोटरने आपोआप पुढे सरकतं, एका फोटोच्या जागेत दोन बसतात, म्हणजे छत्तिसाच्या रिळात बहात्तर. तिला इतका आनंद झाला की तिने ते बाबांना सांगून टाकलं. "तुझ्या डाव्या हातात कॅमेरा आणून देईन," म्हणाली. वस्तू हाती नसताना शब्द देऊन बसली, ही तिची पहिली चूक.

चौदा महिने ती शोधत होती. एक सापडला तो मोडका. दुसऱ्याचा मालक पैसे साइटबाहेर मागत होता. आत्याने नकार दिला आणि बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, एवढं एरवीही त्यांचं बोलणं कमी झालं होतं.

तिसरा बाबांना स्वतःलाच दिसला. दुपारचं जेवण झालं होतं. ते डाव्या अंगठ्याने आत्याचा फोन वरखाली करत होते आणि एकदम म्हणाले, "ताई." त्या एका हाकेने आम्ही दोघी टेबलाशी जाऊन उभ्या राहिलो.

लिलाव चार वाजून दहा मिनिटांनी संपणार होता. विकणाऱ्याने आपलं नाव नुसतं 'मिस्त्री' असं टाकलं होतं. आधी एकही वस्तू विकलेली नाही. 'डाव्या हाताचा कॅमेरा. तपासलेला नाही. परत घेतला जाणार नाही.' फोटो दोन. एकात भिंग, खिडकीच्या उजेडात, बरं दिसत होतं. दुसऱ्यात डाव्या हाताने छातीपुढे धरलेला कॅमेरा. चेहरा नाही, गळ्यापासून खाली चौकड्यांचा शर्ट. हात रापलेला, नखं बारीक कापलेली, बोटांवर चुन्याचे डाग. कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी पट्टी चिकटवलेली होती. जुने फोटोग्राफर लावायचे तशी.

आत्याने चिठ्ठीचा निरोप पाठवला. तीन वाजले, उत्तर नाही. साडेतीन झाले. बाबांचा डावा हात टेबलावर होता आणि तो उघडत-मिटत होता. मी तो हात असा काही करताना कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"चिठ्ठी नाही आली," आत्या म्हणाली.

"ताई, हाच आहे."

"अरे, पण नियम..."

"ताई."

आणि माझ्या आत्याने, जिने चपलांचा पुरावा ठेवला होता तिने, चिठ्ठीवाचून बोली लावली. पलीकडे आणखी कुणीतरी होतं. साखरेच्या डब्याखालचा आकडा ती एकदा ओलांडून गेली, मग दुसऱ्यांदा. चार दहाला कॅमेरा आमचा झाला. बाबा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "माझा वस्तरा कुठाय?" डाव्या हाताने दाढी केली. हनुवटीला तीन ठिकाणी कापलं होतं. मी इतकी सुंदर कापलेली हनुवटी पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळली. चेंडू कपाटाखालून निघाला. त्यांनी स्वतः रीळ मागवलं, बॅटरी मागवली. आणि तिसऱ्या दिवशी आत्या मला भररस्त्यात भेटली.

मी गाडी चालवायला शिकवते, मोटारी आणि ट्रक दोन्ही. त्या दिवशी चाकावर बँकेतल्या बाई होत्या. पाच आठवडे झाले तरी त्यांचं डावं-उजवं पक्कं होत नव्हतं. सिग्नलला गाडी उभी होती, तेवढ्यात मागचं दार उघडून आत्या आत बसली.

"शर्ट उलटा आहे," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"मिस्त्रीचा. फोटोत. अगं, पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते आणि उजवीवर बटणं असतात. ह्याची उजवी पट्टी वर आहे. म्हणजे फोटो उलटा आहे. स्वतःचा फोटो काढताना फोन आरशासारखा उलटा काढतो ना, तसा. तो कॅमेरा त्याने उजव्या हातात धरलाय. त्याच कंपनीचा, पण उजव्या हाताचा कॅमेरा आहे तो."

मी वळून मागे पाहिलं. "आणि कॅमेऱ्याच्या नावावर काळी पट्टी लावलेली. अक्षरं वाचता आली असती तर..."

"तर उलटी दिसली असती. म्हणूनच चिठ्ठी मागते मी. आणि ह्याच वेळी..."

"डावीकडे घ्या," मी बँकेतल्या बाईंना म्हटलं. त्यांनी उजवीकडे घेतली. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "ह्या माझ्या कोटाची बटणंसुद्धा..."

"बाई, रस्त्याकडे बघा!" मी ओरडले. त्या बिचाऱ्या गप्प झाल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या.

पैसे बुडण्याची भीती नव्हती. डाव्या हाताचा म्हणून विकला आणि उजव्या हाताचा निघाला तर साइट पैसे परत देते. तेवढं आत्याने सगळं नीट केलं होतं. पण खुर्ची परत भिंतीकडे वळली तर त्याची भरपाई कोण देणार? आत्या सारखी तेच म्हणत होती. "मी त्याला उठवून बसवलं आणि आता मीच पाडणार."

"तुझा तो उजवीकडे हृदय असलेला माणूस आठव," मी म्हटलं.

"तिथे अक्षर होतं," ती म्हणाली.

बाबांना काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. त्यांना कशाला त्रास. पुढचे सहा दिवस आम्ही त्यांच्यासमोर हसत होतो आणि जिन्यात कुजबुजत होतो. मिस्त्रीला आत्याने तीन निरोप पाठवले. उत्तर एकच आलं, "पाठवलं." ती इस्त्रीवाल्याकडे जाऊन पुरुषांच्या गठ्ठ्यातले एकोणीस शर्ट उलटून बघून आली. एकोणिसांची डावी पट्टी वर. इस्त्रीवाला मला नंतर म्हणाला, "तुमच्या आत्या बऱ्या आहेत ना?" जेवणावरचं तिचं लक्ष उडालं. दिव्याची पेटी सहा दिवस लागली नाही. आणि बाबा? बाबा खिडकीत बसून डाव्या हाताने चेंडू दाबत होते, मोजत होते, आणि मधूनच शीळ घालत होते. ती शीळ ऐकली की आत्या उठून मोरीत जायची.

लिलावानंतर नवव्या दिवशी, सकाळी अकराला खोका आला. बाबा आधीच टेबलाशी येऊन बसले होते, स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, ह्या वेळी एकाच ठिकाणी कापलेली. आत्याने तिचा फोन माझ्या हातात दिला, चित्रणासाठी. "नीट धर," म्हणाली, आणि तिचीच कात्री चिकटपट्टीवर बसेना. शेवटी बाबांनी कात्री काढून घेतली आणि डाव्या हाताने खोका उघडला.

आत पुठ्ठ्याचे तुकडे. त्याखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी. निळ्या-करड्या चौकड्यांचं कापड, चुन्याचे डाग पडलेलं.

तो फोटोतला शर्ट होता.

बाबा कापड सोडवायला लागले तर आत्याने ते ओढूनच घेतलं. कॅमेरा पुठ्ठ्यावर कलंडला, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. शर्ट टेबलावर पालथा केला, सुलटा केला, बटणं लावून पाहिली. उजवी पट्टी वर. तशीच, जशी फोटोत होती, म्हणजे फोटो सुलटच होता. छातीपाशी शिवणीत टक घातलेले होते, बायकांच्या शर्टाला असतात तसे, आणि बायकांच्या शर्टाची उजवीच पट्टी वर येते.

"अगं," ती म्हणाली, "ही बाई आहे."

खोक्यात चिठ्ठीही होती, जी आम्ही नऊ दिवसांपूर्वी मागितली होती तशी नव्हे, पण हाताने लिहिलेली. 'फुग्यांचा कागद मिळाला नाही म्हणून माझा शर्ट गुंडाळलाय. कॅमेरा आईचा. ती डावखुरी होती. मी गिलाव्याची कामं घेते, फोन दिवसभर गाडीत पडून असतो, उत्तर देता आलं नाही, राग मानू नका. मिस्त्री.'

मला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन धरलेला हात खाली आला. मी ट्रक शिकवते. मला बघून "मास्तर कुठे आहेत?" विचारणाऱ्या प्रत्येक माणसाचा मी उद्धार केलेला आहे. आणि हातावर चुना दिसला, नाव मिस्त्री दिसलं, की माझ्याही डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहिला. बँकेतल्या बाई बिचाऱ्या कोटाची बटणं दाखवत होत्या, तर मी त्यांना रस्ता दाखवला.

आत्या मटकन खुर्चीत बसली. "सहा दिवस," ती म्हणाली. "सहा दिवस मी ह्या शर्टापायी जेवले नाही."

"का?" बाबांनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्याने सगळं सांगितलं. पट्टी, आरसा, उलटा फोटो, एकोणीस शर्ट. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं मी लोकांच्या कॉलरी सरळ केल्यात. फोटो काढायच्या आधी प्रत्येकाचं वरचं बटण बघितलंय. ती बाई आहे हे मला पहिल्याच दुपारी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" त्यांचा आवाज चढला नाही. "दोन वर्षांत मला कुणी काही विचारलंय? चहा हवा का, खिडकी लावू का. बस्स. जिन्यात कुजबुजताय ते ऐकू येत होतं. मला वाटलं, पैशांचं काहीतरी असेल."

मला वाटलं होतं आम्ही त्यांना जपतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा तर चेंडू दाबत समोरच बसला होता, आणि आम्ही त्याला त्रास नको म्हणून जिन्यात उभ्या होतो. मी म्हटलं, "बाबा, चुकलंच आमचं." आत्याने त्यांचा मेलेला उजवा हात मांडीवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आता तो कॅमेरा बघायचा की शर्टच बघत बसायचं?"

त्यांनी कॅमेरा उचलला. तीन बोटं खोबणीत बसली, पट्टा मनगटावर आला आणि पहिलं बोट आपसूक बटणावर गेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! डाव्या हाताचाच होता. आत्याचा जीव भांड्यात पडला तो मला दिसला. सहा दिवस कानाशी चढलेले तिचे खांदे खाली आले.

पण खांदे उतरले तशी तिच्यातली एक्स-रेवाली जागी झाली. "तपासलेला नाहीये, लक्षात आहे ना," म्हणत तिने दिव्याची पेटी लावली, भिंग पेटीपुढे धरलं. कडेला बुरशीचा एक ठिपका होता. मग ती थांबली, आणि कॅमेरा बाबांपुढे धरून म्हणाली, "तुला काय वाटतं?"

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "कडेला आहे. फोटोत यायचा नाही. पण कोरड्या जागी ठेवायला हवा."

"ठेवू," आत्या म्हणाली.

स्पंजच्या पट्ट्या अजून मऊ होत्या. बॅटरीची जागा स्वच्छ. रीळ मी भरून देते म्हटलं तर बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा दोन गुडघ्यांत पकडला, दार उघडलं, जिभेचं टोक दातांत धरून रिळाची शेपटी ओढली, ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. दार बंद केलं. कॅमेरा आतल्या आत घर्रर्र करून वाजला आणि त्याच्या इवल्या खिडकीत एकचा आकडा आला. आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो.

"ताई, उभी राहा तिकडे. पेटीजवळ."

"माझा कशाला? केस बघ माझे."

"उभी राहा."

आत्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. आणि चौतीस वर्षांची सवय कुठे जाते! हनुवटी वर, खांदे पुढे, छाती फळीला लावल्यासारखी. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"श्वास घे," बाबा म्हणाले. "धर."

आत्याने श्वास धरला. बाबांनी घाई केली नाही. कॅमेरा जरा खाली घेतला, जरा वर. मग खट्कन आवाज झाला, मोटर फिरली, आणि आकडा दोनवर आला.

बाबा तसेच बसून होते, कॅमेरा डोळ्याला लावून. खाली घेईनात. कॅमेऱ्याच्या खालून त्यांचा गाल ओला झालेला मला दिसला. आणि तिकडे आत्या, हनुवटी वर, खांदे पुढे, अजून श्वास धरून, लालबुंद. कुणी सांगितल्याशिवाय ती सोडणार नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "सोड म्हणा तिला!"

बाबांनी कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाले, "सोड, ताई. सोड आता."

आत्याने श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर सहा दिवसांचं, खरं तर दोन वर्षांचं, सगळं बाहेर आलं. ती मसाल्याच्या फळीला धरून रडली, मग हसली, मग शर्टाच्याच बाहीने डोळे पुसले; गालाला चुना लागला. बाबा पण हसत होते. आत्याचा फोन पुन्हा वर धरून मी त्या दोघांचं चित्रण करत होते.

मग आत्या नाक ओढून म्हणाली, "आता एकाहत्तर उरलेत. जपून काढ."